हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या बँक शाखेत एक वेगळीच रांग दिसू लागते. हातात आधार कार्ड, पासबुक आणि निवृत्तिवेतनाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घेऊन ज्येष्ठ मंडळी सकाळी दहापासून बाकांवर बसलेली असतात. आपण जिवंत आहोत हे सरकारदरबारी सिद्ध करण्यासाठी ती आलेली असतात. त्या रांगेत निवृत्त शिक्षक असतात, रेल्वेचे कर्मचारी असतात, आणि त्यांच्यातच पाठ ताठ ठेवून बसलेले, नाव पुकारताच एका झटक्यात उठणारे काही चेहरे असतात. ते माजी सैनिक. त्यांच्यापैकी कित्येकांचे केसही पुरते पांढरे झालेले नसतात. खिडकीवरचा कर्मचारी क्रमांक तपासतो, बोटाचा ठसा घेतो आणि 'झालं, या आता' म्हणतो. वर्षातून एकदा राज्यव्यवस्था या माणसाला 'आहात का?' असे विचारते. 'कसे आहात?' हे विचारण्यासाठी त्या नमुन्यात रकाना नाही.

हा रकाना नसणे किती महागात पडते, याचा हिशेब आपल्या देशात मांडलाच जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली आणि त्यांत सर्वाधिक, २२,७४६ जण, महाराष्ट्रातील होते. या अहवालात शेतकरी, शेतमजूर, विद्यार्थी, गृहिणी, रोजंदार असे वर्ग आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. निवृत्तांचाही एक रकाना आहे. पण माजी सैनिक हा वर्ग नाही. गावी परतून शेती करणारा जवान गेला तर तो शेतकऱ्यांत मोजला जातो, रखवालदारी करणारा गेला तर नोकरदारांत. अमेरिकेत याउलट दरवर्षी माजी सैनिकांच्या आत्महत्यांचा स्वतंत्र अहवाल निघतो. २०२२ या एका वर्षात तेथे ६,४०७ माजी सैनिकांनी जीवन संपवले. तेथील इतर प्रौढ नागरिकांच्या तुलनेत हे प्रमाण बरेच अधिक आहे. त्या अहवालांतील एक बाब वारंवार समोर येते. गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण अलीकडच्या काळात माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयाच्या पायरीवर आलेलेच नव्हते. सोय होती, माणूस तेथपर्यंत पोहोचला नव्हता.

भारतात या विषयाची देशभर चर्चा झाली ती प्रामुख्याने एकदाच. १ नोव्हेंबर २०१६ रोजी 'समान श्रेणी, समान निवृत्तिवेतन' या मागणीच्या आंदोलनाच्या काळात हरियाणाचे निवृत्त सुभेदार रामकिशन ग्रेवाल यांनी दिल्लीत आत्महत्या केली. ते आपल्या गावचे सरपंचही राहिलेले होते. पुढचे काही दिवस वृत्तपत्रे भरून गेली. परंतु चर्चा झाली ती कोणत्या पक्षाचे काय चुकले याची. निवृत्तिवेतनातील तफावत हा प्रश्न खरा होता आणि त्याची तड लागणेही आवश्यक होते. तरीही कोणत्याही आत्महत्येचे कारण एकच असते असे मानणे धोक्याचे आहे. पैशाची अडचण, दुखणारे शरीर, दारू, अपुरी झोप, घरातील अबोला आणि 'आपले आता कोणालाच काम नाही' ही भावना असे अनेक धागे एकत्र पिळले जातात. यांतील एखादा धागा वेळेवर सैल झाला तर बहुतेकदा माणूस वाचतो.

सैनिकाचे निवृत्त होणे इतरांच्या निवृत्तीसारखे नसते, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. बँकेतील किंवा शाळेतील माणूस साठीच्या आसपास घरी येतो. मुले मार्गी लागलेली असतात. जवान पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाला पात्र होतो आणि बहुतेक जण पस्तीस ते पंचेचाळीस या वयात गणवेश उतरवतात. मुले तेव्हा सातवी-आठवीत असतात. देशभरात दरवर्षी सुमारे साठ हजार सैनिक असे घरी परततात. पलटणीत उठण्याची, जेवणाची, निजण्याची वेळ ठरलेली होती. शेजारच्या खाटेवरचा सोबती रात्री दचकून उठला तर ते कोणाला नवल वाटत नव्हते. गावात सारे सुटे असते. आरंभीचे सहा महिने सत्कार होतात, पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावणे येते, पोरे 'फौजी काका' म्हणून मागे लागतात. मग उत्साह ओसरतो.

घरातही एक नाजूक गोष्ट घडते. पंधरा-वीस वर्षे पत्नीने एकटीने घर चालवलेले असते. सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांचे प्रवेश, शेताचा बटाईदार, सोसायटीचे कर्ज, सारे तिने निभावलेले असते. वर्षातून दोन महिने पाहुण्यासारखा येणारा नवरा आता कायमचा आला, पण कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेलेच नसते. तो हुकूम सोडतो, मुले चिडतात, ती मधल्या मध्ये अडकते. काही दिवसांनी तो बोलणेच बंद करतो. 'शांत झालेत आता' असे नातेवाईक समाधानाने म्हणतात. ही शांतता नेहमीच समाधानाची असेल असे नाही.

पैशाची बाजू थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. 'त्यांना काय कमी, पेन्शन आहे, कँटीन आहे' हे वाक्य बाजारपेठेत सर्रास ऐकू येते. निवृत्त होताना सैनिकाला निवृत्तिवेतनाच्या निम्म्यापर्यंतचा भाग एकरकमी विकता येतो. यालाच कम्युटेशन म्हणतात. ही रक्कम ग्रॅच्युइटी आणि भविष्य निधीसह एकदम खात्यात जमा होते. बहुतेकांनी एवढे पैसे प्रथमच पाहिलेले असतात. आणि ते आल्याची बातमी गावात पासबुकावर नोंद होण्यापूर्वीच पोहोचलेली असते. भावाला घर बांधायचे असते, मेहुण्याला ट्रॅक्टर घ्यायचा असतो, एखादा परिचित दुप्पट परताव्याची योजना घेऊन दारात येतो. तीन-चार वर्षांत मुदत ठेवी मोडलेल्या असतात. उरते ते विकलेल्या भागाची कपात होऊन येणारे निवृत्तिवेतन, आणि ती कपात संपायला पंधरा वर्षे लागतात. उसने दिलेले पैसे मागायची सोय नसते. मागितले तर भाऊबंदकी, न मागितले तर पत्नीची नजर. ज्याने सीमेवर शेकडो माणसांची रसद सांभाळली, त्याला आपण स्वतःच्या घराचा हिशेब सांभाळू शकलो नाही ही टोचणी किती खोल जात असेल! या टप्प्यावर घरातील वडीलधाऱ्याने किंवा हिशेब कळणाऱ्या एखाद्या व्यापारी मित्राने सोबत बसून कागद मांडले तरी मोठा भार हलका होतो. आपल्या समाजात जमाखर्च जाणणाऱ्यांची वाण नाही. हे काम दोन संध्याकाळींचे आहे.

दुसरी नोकरी बहुधा रखवालदारीची मिळते. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, वर्धा येथील जिनिंग कारखाने, बँका, सराफी पेढ्या, पेट्रोल पंप, रुग्णालये यांच्या दारांवर उभे असलेले अनेक जण माजी सैनिक आहेत. या मासिकाच्या वाचकांपैकीही अनेकांच्या पेढीवर वा गोदामावर असा एखादा माणूस असेल. तो वेळेवर येतो, नमस्कार करतो, सुटी क्वचित मागतो. त्याच्या घरी कोण कोण आहे, तो रात्रपाळीनंतर किती तास झोपतो, हे किती मालकांना ठाऊक असते?

वर्धा जिल्ह्याचे सैन्याशी असलेले नाते केवळ गावोगावच्या जवानांपुरते नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून पुलगावला सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. देशातील सर्वांत मोठ्या भांडारांत त्याची गणना होते. ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी तेथे भडकलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. आगरगावसह भोवतालची गावे त्या रात्री रिकामी करावी लागली. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण गेले. गेलेल्यांची नावे छापून आली, त्यांना मानवंदना मिळाली. परंतु त्या आगीत सहकाऱ्यांना गमावून जे परतले, त्यांच्या झोपेची नोंद कोठे होते? मनावर उमटणारा घाव केवळ कारगिल किंवा सियाचीनलाच होतो असे नाही. दिवाळीचा मोठा फटाका फुटल्यावर घामाघूम होणारा माणूस भित्रा नसतो. त्याचे शरीर जुन्या धोक्याला अजूनही उत्तर देत असते, आणि यावर उपचार आहेत.

या जिल्ह्याला आत्महत्या हा शब्द नवा नाही. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. त्या काळापासून गावागावांत तपासणी झाली, प्रकरणे पात्र आणि अपात्र ठरली, पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळाले. ही मदत गरजेची होतीच, परंतु ती मृत्यूनंतरची होती. मृत्यूपूर्वी काय करता येते याचा धडा शेजारच्या अमरावती जिल्ह्याने दिला. तेथील तीस गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्य उपक्रम राबवण्यात आला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन उदासीनता आणि दारूचे व्यसन यांविषयी बोलत, समुपदेशन करीत आणि आवश्यक तेथे डॉक्टरांकडे पाठवीत. आरंभी उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण उपचार घेत होते; उपक्रमानंतर हे प्रमाण सत्तावीसवर गेले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. राज्य शासनानेही आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. वर्धा त्यात आहे. शेतकऱ्याच्या दारापर्यंत जाणारी ही वाट त्याच्याच शेजारच्या फौजीच्या दारापर्यंत न्यायला नवे धोरण लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद असते, आशा सेविकांना घरे ठाऊक असतात. दोघांची गाठ घालून देणारा कोणी हवा.

धोक्याची चाहूल कशी ओळखावी? झोप उडणे, चिडचिड, दारू वाढणे, जुन्या सोबत्यांचे फोन न घेणे ही लक्षणे सर्वसाधारणपणे सांगितली जातात. याखेरीज काही खुणा बँकेच्या खिडकीवर दिसतात, त्यांचा उल्लेख फारसा होत नाही. मुदतपूर्व ठेवी मोडून पैसे पत्नीच्या नावे करणे, घाईघाईने सर्व खात्यांवर वारस नोंदवणे, लॉकरची किल्ली मुलाच्या हाती देणे, कुटुंब निवृत्तिवेतन किती मिळेल याची पुन्हा पुन्हा चौकशी करणे. वारस नोंदवणे हे शहाणपणाचे काम आहे आणि प्रत्येकाने ते करावेच. मात्र महिनोन्महिने उदास असलेला माणूस एकाएकी सारे व्यवहार आवरू लागला, पदके आणि घड्याळ वाटू लागला, 'माझ्यामागे तुम्हाला त्रास नको' असे म्हणू लागला, तर ती आवराआवर केवळ व्यवहाराची समजू नये.

अशा वेळी विचारावे, आणि सरळ विचारावे. 'काही टेन्शन आहे का?' या प्रश्नाला सैनिक 'सब ठीक' हेच उत्तर देणार. तशी त्याला सवय लावलेली असते. 'काकाजी, जीव नकोसा वाटतो का? स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?' हे शब्द उच्चारायला जड जातात. असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल, अशी भीती अनेकांना वाटते. अनेक अभ्यासांनी ही भीती निराधार ठरवली आहे. उलट कोणी थेट विचारले की मनावरचे ओझे उतरल्याचे असे लोक सांगतात. उत्तर 'हो' आले तर उपदेश नको. 'इतका शूर माणूस तू, आणि हे काय बोलतोस?' हे वाक्य तर मुळीच नको. शौर्याच्या त्याच ओझ्याखाली तो दबलेला असतो. ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये. घरातील फवारणीची औषधे आणि परवान्याचे शस्त्र असल्यास ते त्याच्या हाताशी राहणार नाही अशी व्यवस्था त्याच दिवशी करावी, किल्ली दुसऱ्या घरी ठेवावी. आत्महत्येची ऊर्मी अनेकदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ मिळणे हेच पुष्कळ असते. ज्यांची कृषी सेवा केंद्रे आहेत त्यांनीही, हंगाम नसताना अस्वस्थ चेहऱ्याने औषध मागणाऱ्या ओळखीच्या माणसाला बाकावर बसवून चहा विचारावा. विक्री उद्याही होते.

त्यानंतर डॉक्टर. या बाबतीत वर्धा भाग्यवान आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये असून दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. अनेक मोठ्या जिल्ह्यांच्या नशिबी एवढेही नाही. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून 'ईसीएचएस' ही अंशदायी आरोग्य योजना आहे. फोनवर बोलायचे असल्यास 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, निःशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांशी संबंधित लाभार्थ्यांसाठी टेली मानसचा स्वतंत्र कक्ष सुरू करण्यात आला. जीव तातडीने धोक्यात असेल तर ११२. पोलिसांच्या भीतीने रुग्णाला लपवून ठेवण्याचे दिवसही आता सरले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही.

एक भीती मात्र खरी आहे, आणि ती घालवणे मालकांच्या हाती आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याचे कळले तर बंदुकीची आणि म्हणून रखवालदारीची नोकरी जाईल, असे माजी सैनिकाला वाटते. पेढीच्या मालकाने त्याला सांगावे की काही महिने शस्त्राविना, दिवसपाळीचे काम करा. पगार तोच राहील. एका रखवालदाराच्या पाळीत बदल करण्याचा खर्च कोणत्याही पेढीला जड नाही.

आणि बरे वाटू लागल्यानंतर? येथे सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाचे काम सांगण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः सैन्यात होते आणि दूरदेशी असताना ओळखीच्या एका तरुणीची पत्रे त्यांना येत. त्या पत्रांनी आपल्याला काय दिले हे ते विसरले नाहीत. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी रुग्णालयातून सुटल्यानंतर पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षे अधूनमधून दोन-चार ओळींची पत्रे धाडली. त्यांत उपदेश नव्हता, तपासणीला या असा आग्रह नव्हता. केवळ विचारपूस होती. दुसऱ्या गटाला काहीच पाठवले नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांमधील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी राहिले. पत्राचे महत्त्व वर्ध्याला वेगळे सांगायला नको. गांधीजींची डाक शेगावकडे जाऊ लागली म्हणून १९४० मध्ये सेगावचे नावच सेवाग्राम झाले, अशी या भूमीची ख्याती. आता पोस्टकार्ड कोणी लिहीत नसेल, तरी महिन्यातून एकदा 'काकाजी, बरं आहे नं?' एवढा संदेश मोबाइलवर पाठवायला कोणतेही शिक्षण लागत नाही. मात्र उत्तर आले नाही म्हणून पाठवणे थांबवू नये. मोटो यांच्या पत्रांनाही बहुसंख्यांकडून उत्तराची अट नव्हतीच.

हे आताच सांगण्याचे कारण म्हणजे नोव्हेंबरची रांगही हळूहळू ओसरत आहे. संरक्षण निवृत्तिवेतन आता 'स्पर्श' प्रणालीतून थेट खात्यात येते. हयातीचा दाखला घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही. पण शाखेच्या बाकावर जुन्या पलटणीतला कोणी भेटायचा, खिडकीवरची ओळखीची मुलगी 'यंदा वाळलात काकाजी' म्हणायची, तेही गेले. कॅमेरा डोळ्यांची उघडझाप झाली की 'प्रमाणित' असे सांगून मोकळा होतो.

यापुढे तर एक असा वर्ग येत आहे ज्याच्याकडून हा दाखलाही मागितला जाणार नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होत आहेत. त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत जवान सैन्यात कायम होतील. उरलेले सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन घरी येतील. वय बावीस ते सत्तावीस. निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. वर्धा, देवळी, कारंजा, आष्टी येथील पोरे त्यांत असतील. खात्यात जमा झालेल्या रकमेची बातमी त्यांच्याही आधी गावात पोहोचलेली असेल, आणि काही महिन्यांतच त्यांच्यापैकी कोणी ना कोणी एखाद्या पेढीवर कामाची चौकशी करायला येऊन उभा राहील.